दारात फोडायचा वाडगा

२ मार्च, रविवार

आजपासून नोंदी ठेवायच्या. रोज. पुढेमागे प्रकरण निघालं तर पुरावा असलेला बरा.

चिहारूने आज मुलगा घरी आणला. तोमोनागा. फुकुओकाला असतो, भांडी धुण्याची यंत्रं विकतो. माझी एकुलती एक मुलगी, कुंभाराच्या घरात वाढलेली, आणि तिला अख्ख्या क्यूशू बेटावर हाच सापडला.

जेवताना नजर ठेवून होतो. माझ्या हातचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला होता, भात भरून. पठ्ठ्याने एकदा उचलला, दोन घास खाल्ले, खाली ठेवला तो ठेवलाच. पुढचं सगळं जेवण मान खाली घालून, कुत्रं जेवतं तसं. वाडगा हातात धरून जेवावं हे आपल्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. कसलं घराणं असेल हे? सुमिएला नंतर विचारलं, बघितलंस ना? ती म्हणाली, अहो, हात दुखून आला असेल बिचाऱ्याचा. भात खाताना हात दुखतो?

निघताना म्हणाला, बाबा, तुमच्या भांड्यांना वजन आहे हं. तेवढं मात्र कळलं म्हणायचं त्याला. पण मला बाबा कशाला म्हणतो? मी अजून हो म्हटलेलं नाही.

५ मार्च

हो म्हटलं. माझ्या अटींवर. अटी अजून ठरवायच्या आहेत.

९ मार्च, रविवार

लग्न १८ मेला. चिहारू सकाळी घरूनच निघणार. सुमिएने यादी काढली. सातव्या क्रमांकावर लिहिलंय: वाडगा फोडणे.

मी म्हटलं, कुठला वाडगा? ती म्हणाली, अहो, कुठला म्हणजे? चिहारूचा. रोजचा. मुलगी निघाली की तिचा भाताचा वाडगा दारात फोडायचा, म्हणजे ती माघारी येत नाही. तुमच्या बहिणीचा तुम्हीच फोडला होता ना?

बहिणीचा वाडगा बाजारातला होता. हा माझ्या हातचा आहे.

इथे नीट लिहून ठेवतो. सोळा वर्षांपूर्वी, चिहारू नऊ वर्षांची असताना, मी घरातल्या तिघांसाठी तीन वाडगे केले. माझा आणि सुमिएचा ठीकठाक. पण चिहारूचा असा काही उतरला की आजतागायत तसा दुसरा झाला नाही. कडा पातळ, हातात घेतला तर पाखरू घेतल्यासारखा. तिला केला तेव्हा बापाची माया हातात उतरली होती, दुसरं काय. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवतो. सुरुवातीला तोही जरा जड होता असं पुसटसं आठवतं. चांगली माती वापराने हलकी होत जाते, हे मी तेव्हाच ओळखलं. माझा आणि सुमिएचा झाला नाही, कारण आम्ही कमी जेवतो.

कलाकाराच्या आयुष्यात असं काम एकदाच होतं. ते मी दारात आपटून फोडू?

१० मार्च

प्लॅन ठरला. हुबेहूब तसाच दुसरा करायचा आणि तो फोडायचा. खरा लपवून ठेवायचा. कोणाला सांगायचं नाही. मीच केलेला आहे, मलाच परत करायचाय. एक दुपार पुरे.

१४ मार्च

एक दुपार पुरली नाही. हवा दमट आहे.

१६ मार्च, रविवार

तोमोनागा पुन्हा आला. चहा झाल्यावर चिहारूचा वाडगा त्याने उचलला, उलटा केला, बुडावर अंगठा घासून पाहिला. मग चिहारूकडे पाहिलं. तिने डोळे मोठे केले. त्याने घाईघाईने वाडगा खाली ठेवला आणि खिडकीतून डोंगराकडे बघत बसला. डोंगरात बघण्यासारखं काही नाही.

मी मागून जाऊन बूड पाहिलं. नेहमीसारखंच. माझ्या तांबड्या मातीचा रंग, फक्त टेकतं त्या कडेला झिजून पांढुरका झालेला. सोळा वर्षांच्या वापराची कांती आहे ती. यंत्रं विकणाऱ्याला काय कळणार?

नंतर त्याने फोनवर वाडग्याचा फोटो काढला. मी पाहिलं नाही असं त्याला वाटतं.

१७ मार्च

फोटो कशाला?

२३ मार्च, रविवार

कुंपणापाशी सुमिए आणि फुचिगामीबाई कुजबुजत होत्या. मी आलो तशा गप्प. मग फुचिगामीबाई मोठ्याने म्हणाल्या, यंदा मुळे छान आलेत नाही?

फुचिगामीबाईंबद्दल लिहून ठेवलं पाहिजे. शेजारीण. वय सत्तर, विधवा, स्वतःची भट्टी. पांढऱ्या मातीत काम करतात. पांढरी माती म्हणजे पिठासारखी, सांगाल तशी वळते, तिला स्वतःचं मत नसतं. मी आयुष्यात तिला हात लावलेला नाही. शहरातली माणसं गाड्या घेऊन त्यांच्याकडे येतात. रस्ता विचारायला माझ्या फाटकाशी थांबतात. माझी भांडी लोकांना एकदम झेपत नाहीत, हे मला मान्य आहे.

पण मुद्दा वेगळाच आहे. गेली कित्येक वर्षं ही बाई आठपंधरा दिवसांनी विचारते, चिहारूचा वाडगा ठीक आहे ना? चिहारू ठीक आहे ना, असं नाही. वाडगा. आज लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. पाणी कुठेतरी मुरतंय.

२९ मार्च

कपाटाच्या दाराला आडवा केस चिकटवून ठेवला. दार उघडलं तर तुटेल.

३० मार्च, रविवार

केस तुटला. सुमिए म्हणाली, कपाटातून वाडगे काढल्याशिवाय तुम्हाला न्याहारी कशातून देणार होते?

६ एप्रिल, रविवार

आत्तापर्यंत सव्वीस केले. चौदा मोडले, बारा ठेवले. चाकावर असताना अगदी तसेच वाटतात. सुकले की वेगळे वाटतात. मातीत कोणी काही मिसळत तर नाही ना? मातीच्या हौदावर आज फळी टाकली, फळीवर दगड ठेवला, दगडावर खडूने खूण केली.

१२ एप्रिल

भट्टी पेटवली. फुचिगामीबाई कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, ओकोचीभाऊ, लाकूड जरा ओलं दिसतंय. माझ्या लाकडाशी यांना काय करायचंय? कोरडं घालायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. त्यांच्या सल्ल्याने चाललोय असं वाटायला नको.

१६ एप्रिल

भट्टी उघडली. चार तडकले. तीन एकमेकांना चिकटले. पाच शाबूत.

पाचांतला सगळ्यात चांगला चिहारूच्या वाडग्याशेजारी ठेवला. लांबून, डोळे बारीक केले तर, सारखे दिसतात. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. चिहारूचा एकशे साठ ग्रॅम. नवा चारशे दहा.

काटा बिघडलेला आहे. कोणी बिघडवला?

सुमिएला विचारलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, काही नाही हो, मासा करपतोय. आणि आत गेली. मासा करपत नव्हता. मी वास घेतला.

२० एप्रिल, रविवार

शांतपणे विचार केला. वजनाचं कारण सापडलं. नवा वाडगा सोळा वर्षं वापरलेला नाही. वापराने हलका होईल. पण तेवढा वेळ नाही. फोडायलाच तर हवाय, फोडताना कोण वजन करतं? प्लॅन पक्का. पाचांतला सगळ्यात चांगला तो घ्यायचा.

२१ एप्रिल

जेवताना चिहारूकडे बघत होतो. एका हातात वाडगा, दुसऱ्या हाताने मासा सोडवत बडबडत होती. फुकुओकाच्या घराला खिडक्या किती, बाल्कनी कुठल्या बाजूला. लहानपणीही अशीच जेवायची. आता हे सत्तावीस दिवस. मध्येच म्हणाली, बाबा, काय बघताय? मी म्हटलं, वाडगा नीट धर.

३ मे

सुट्टीच्या दिवसांची गर्दी. सात गाड्या फाटकाशी थांबल्या. सातही जणांनी फुचिगामीबाईंचा रस्ता विचारला. एकाला मी उलटी दिशा दाखवली. मुद्दाम नाही.

४ मे, रविवार

रंगेहाथ पकडलं.

सकाळी फाटकाशी पाणी मारत होतो. फुचिगामीबाईंच्या घरातून तोमोनागा बाहेर आला. हातात कापडात गुंडाळलेला लाकडी डबा. मला पाहून डबा पाठीमागे धरला. डबा काही पाठीमागे मावण्यासारखा नव्हता.

मी म्हटलं, उघड. तो म्हणाला, बाबा, हे नंतर बघू या ना. मी म्हटलं, आत्ता.

आत दोन वाडगे. एक मोठा, एक लहान, नवराबायकोची जोडी. आकार तोच. कड तीच. बुडाला तांबडा हात दिलेला, तोही तसाच. माझा वाडगा. माझ्या आयुष्यातलं एकमेव काम, या बाईने फोटोवरून जसंच्या तसं उचललं, आणि माझा होणारा जावई तिचा हस्तक. आता कळलं कुंपणाशी काय कुजबुज चालायची.

तोमोनागा लाल झाला. म्हणाला, बाबा, तो आता फुटणार ना, म्हणून चिहारूला तसेच दोन हवेत. मी म्हटलं, मग माझ्याकडे का नाही आलास? तर जमिनीकडे बघत म्हणाला, तुम्हाला त्रास नको म्हणून. चोराला मालकाची काळजी.

डबा घेऊन तडक फुचिगामीबाईंकडे गेलो. डबा पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, बाई, हा आकार कोणाचा? या वयात दुसऱ्याचं काम चोरताना काही वाटलं नाही का? गावात तोंड कसं दाखवणार?

बाईंचा चेहरा पडला. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मला वाटलं, आता उलट्या बोंबा मारणार. तर बाई गुडघ्यावर बसल्या, कपाळ फळीला टेकेपर्यंत वाकल्या आणि म्हणाल्या, ओकोचीभाऊ, चुकलं माझं. आकार तुमचाच आहे. सोळा वर्षं डोक्यातून जात नाही तो.

कबुली दिली. इतकी सहज देतील असं वाटलं नव्हतं. जरा ओशाळल्यासारखंही झालं, बाई वडीलधारी. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मी म्हटलं, डब्याच्या झाकणावर लिहून द्या. त्यांनी निमूटपणे शाई घोटली, कुंचला घेतला आणि लिहिलं: ओकोची यांच्या धर्तीवर. मी दोनदा वाचून घेतलं. खाली त्यांची सही.

डबा तोमोनागाला परत दिला. मी मोठ्या मनाचा माणूस आहे.

घरी येऊन सुमिएला सांगितलं. वाटलं, शाबासकी देईल. ती हातातलं भांडं टाकून तशीच चपला घालून फुचिगामीबाईंकडे गेली. तासाने आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, अहो, तुम्हाला काय सांगायचं, पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हापासून धड बोललेली नाही.

६ मे

तीन दिवस.

११ मे, रविवार

सुमिए बोलू लागली. बाजारातून चहा आणा म्हणाली.

विचार करता वाटतं, फुचिगामीबाईंनी माझी नक्कल करावी ही एक प्रकारे दादच आहे. त्यांची नक्कल माझ्या मूळ कामाइतकीच हलकी निघाली, हेही मोकळ्या मनाने मान्य करतो. पांढऱ्या मातीत ते सोपं असतं.

लग्न झाल्यावर संकल्प: पुन्हा त्या वाडग्याच्या उंचीवर जायचं. जे हातात एकदा होतं ते कुठे जाणार? रोज सकाळी दहा वाडगे. १९ मेपासून.

१७ मे

उद्या.

खरा वाडगा तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला. वर दोन वीत तांदूळ. नवा कपाटात, त्याच्या जागी. कोणाला पत्ता नाही.

चिहारू संध्याकाळी माझ्या कामाच्या खोलीत आली. नुसतीच उभी राहिली. म्हणाली, बाबा, एक सांगायचं होतं. मी घाबरलो. रडारड सुरू झाली तर मला आवरणार नाही. म्हटलं, उद्या लवकर उठायचंय, झोप जा. ती गेली. काय सांगायचं होतं कोण जाणे. तोमोनागाने आणखी काही केलं असेल तर उद्याच्या आत कळायला हवं होतं.

१८ मे, रविवार

जसं घडलं तसं लिहितो.

साडेआठला टॅक्सी आली. तोमोनागा न्यायला आला होता, काळ्या सुटात. शेजारचे दहाबारा जण फाटकाशी. फुचिगामीबाई सगळ्यांत मागे. चिहारूने दारात उभं राहून सुमिएला आणि मला नमस्कार केला. सांभाळलंत, वाढवलंत, असं जे म्हणायचं असतं ते म्हणाली. मी त्यावर काय म्हणायचं ते दोन महिने पाठ करत होतो. एक शब्द आठवला नाही.

मग वाडगा. मी नवा आणला आणि पायरीच्या दगडावर आपटला.

धप्प आवाज आला. वाडगा उसळला, गडगडत गेला आणि टॅक्सीच्या चाकाला लागून थांबला. शाबूत. पायरीचा टवका उडाला.

कोणीतरी म्हणालं, होतं असं. होत नाही असं. मी वाडगा उचलून पुन्हा आपटला, जोर लावून. पुन्हा धप्प. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी डोक्यावर घेऊन आपटला, तेव्हा माझ्याच नडगीवर आला. टॅक्सीवाला खाली उतरून म्हणाला, काका, डिकीत चाकाचा पाना आहे, देऊ का? मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग खोकल्याचं सोंग केलं. वाडगा फुटला नाही तर पोरगी माघारी येते, आणि होणारा जावई समोर उभा. सुमिएने डोळे मिटले होते.

तेव्हा चिहारू जवळ आली. हळूच म्हणाली, बाबा, खरा आणा. तांदळात आहे. काल भातासाठी तांदूळ काढताना हाताला लागला.

काय करणार? आणला. त्यातले तांदूळ झटकले. हातात धरून उभा राहिलो. सोळा वर्षांत इतका हलका कधी वाटला नव्हता. दहाबारा माणसं बघत होती. सोडला.

चांगला आवाज आला. पाच तुकडे झाले.

तुकडे उचलायचे नसतात. पण माझा हात गेला. एक तुकडा उचलला आणि तुटली बाजू पाहिली. कुंभार दुसरं काही बघत नाही, तुटली बाजू बघतो. वरून झिलई लावा, बुडाला रंग फासा, तुटल्यावर माती खोटं बोलत नाही.

आत पांढरा होता. मुळ्यासारखा पांढरा.

मान वर केली. सुमिए माझ्याकडे बघत होती. तोमोनागा बुटांकडे. मागे फुचिगामीबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. आणि चिहारू रडत होती. लोकांना वाटलं, मुलगी निघाली म्हणून रडते. ती म्हणाली, बाबा, मला माफ करा.

मी तुकडा मुठीत धरला आणि म्हटलं, जा, उशीर होतोय.

गेली. समारंभाला आम्ही मागच्या टॅक्सीने गेलो. जेवण चांगलं होतं म्हणतात. मला वाईट वाटतंय. मुलीचं का वाडग्याचं, ते आज वेगळं करता येत नाही.

१९ मे, सोमवार

चाकावर बसलो नाही.

सकाळी सुमिएने स्वतःहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी केलेला वाडगा चिहारूच्या हातात जेमतेम दोन आठवडे टिकला. धुताना निसटला, मोरीच्या दगडावर असा पडला की दोन तुकडे. नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात मावतच नव्हता तो, सुमिए म्हणाली, दोन्ही हातांनी धरून जेवायची बिचारी. मी पायरीवर तीनदा आपटलेला फुटला नाही आणि तो एकदाच पडून फुटला, हे लिहून ठेवतो. तो जास्त नाजूक असला पाहिजे.

मला सांगायला चिहारू घाबरली. मी ओरडेन म्हणून नाही. सुमिएने मुद्दाम सांगितलं, ओरडाल म्हणून नाही हो. तुम्ही त्या वाडग्यावर इतके खूश होता की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुकडे दप्तरात घालून फुचिगामीबाईंकडे गेली आणि म्हणाली, आजी, अगदी बाबांसारखा करून द्या, बाबांना कळता कामा नये.

बाईंनी केला. तो चांगला झाला. चिहारू म्हणाली, बाबांसारखा नाही झाला. दुसरा केला, तोही चांगला झाला. तिसराही. तीन फेकून द्यावे लागले. पोर दारात उभी, डोळ्यांत पाणी. शेवटी बाईंनी चौथा डाव्या हाताने केला, बुडाला तांबडा रंग फासला आणि दिला. तरी जरा जास्तच बरा झालाय, कधीतरी ओकोचीभाऊंच्या लक्षात येईल, म्हणून सोळा वर्षं बाईंच्या जिवाला घोर. आठपंधरा दिवसांनी विचारायच्या ते त्यासाठी.

मी म्हटलं, मग त्या दिवशी मी त्यांना चोर म्हटलं तेव्हा गप्प का बसल्या? सुमिए म्हणाली, चिहारूला शब्द दिला होता ना.

दुपारी फुचिगामीबाईंकडे गेलो. फाटकापर्यंत. आत चाक फिरल्याचा आवाज येत होता. परत आलो. उद्या जाईन. माफी मागायची आहे, झाकणावरचं ते पुसून घ्यायचं आहे, डबा फुकुओकाला गेलाय, ते कसं करायचं बघावं लागेल.

सुमिएला एकच गोष्ट विचारली. बाई मुळात डावखुऱ्या आहेत का? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, नक्की? नीट आठव. ती म्हणाली, अहो, तीस वर्षं शेजारी राहतोय.